एका चुलीचा नमुना

प्रमाणपत्र मिळालं तर केतकी तोडकरच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडू. कंपनीत चौथा हिस्सा, आणि तोही तिच्या स्वतःच्या नावावर. बसायला खोली, कारण आजवर तिचा 'दर्जा विभाग' कारखान्यात जिन्याखालच्या एका टेबलावर नांदत होता. आणि सही. जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर सासऱ्यांची सही असायची, तिथे तिची आली असती. अठरा वर्षं सून म्हणून राबल्यावर हे फार होतं असं नाही, पण अण्णांनी ते स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, आणि अण्णांच्या तोंडून फुकट काही सुटत नसे.

अण्णा म्हणजे विश्वासराव तोडकर. मिरजेच्या एमआयडीसीत त्यांचा 'गोरज' नावाचा कारखाना. त्यांच्या वडिलांनी सावळ्यांना गोरं करायचं क्रीम विकून दोन मजली घर बांधलं. अण्णांनी गोऱ्यांना सावळं करायचं क्रीम काढलं आणि कारखाना बांधला. माणूस आपल्या कातडीवर खूश नसतो, ही एकच अक्कल या घराण्यात दोन पिढ्या चालत आली, आणि तेवढी पुरली.

युरोपात उन्हात पडून रंग कमावणं २०४७ सालापर्यंत जवळपास बंदच झालं होतं. ऊन चावरं झालं होतं, डॉक्टर ओरडत होते. पण सुट्टीवरून पांढरंफटक परतायची लाज काही गेली नव्हती. मग रंग बाटलीतून. 'गोरज' लावून झोपायचं, सकाळी उठलं की संध्याकाळच्या उन्हासारखा तांबूस हात.

हा रंग म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे. क्रीममध्ये एक साधी, तीन कार्बनांची साखर असते. तिचं लांबलचक नाव बाटलीच्या मागे मुंगीच्या अक्षरांत छापतात. धंद्यात तिला डीएचए म्हणतात. ही साखर कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांना जाऊन बिलगते आणि तांबूस होते. भाकरीला तव्यावर डाग पडतात किंवा कांदा परतताना लाल होतो, तीच क्रिया, फक्त विस्तवाशिवाय. आठवडाभरात तो मेलेला थर आंघोळीबरोबर निघून जातो आणि रंगही जातो. ऊन अडवायला हा रंग जवळपास निरुपयोगी. तसं बाटलीवर ठळक छापायचं केतकीने ठरवलं, तेव्हा अण्णांनी दोन दिवस अबोला धरला होता.

लेबलावरून दोघांचं कायम वाजायचं.

"शंभर टक्के सेंद्रिय लिही," अण्णा म्हणाले होते.

"बाटलीत तिनातले दोन भाग पाणीच आहे, अण्णा. पाण्याला सेंद्रिय म्हणता येत नाही. ते पिकत नाही."

"कृष्णेचं पाणी आहे!"

"कृष्णेचं असलं तरी."

"मग नैसर्गिक लिही."

"त्याला काही अर्थच नाही. विंचवाचं विषसुद्धा नैसर्गिक असतं."

"अर्थ नाही म्हणतीस? मग तेच आधी लिही. अर्थ नसला म्हणजे पुरावा मागत नाहीत कुणी."

म्हातारा मूर्ख नव्हता, हे यावरून कळावं. शेवटी लेबलावर आलं ते असं: डीएचए सेंद्रिय उसाच्या साखरेपासून, जिवाणूंकडून आंबवून. प्रथिन सेंद्रिय गव्हाचं. पूर्ण शाकाहारी. आणि त्याखाली घरातल्या चौघांचा फोटो, मधोमध अक्का, म्हणजे केतकीच्या सासूबाई, हसऱ्या, नाकात मोती. फोटोखाली ओळ: 'आधी आमच्या हातावर.'

ही ओळ जाहिरातवाल्याची नव्हती, घरची चाल होती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पान वाढत नाहीत, तसा प्रत्येक नवा घाणा आधी घरातल्या चार हातांवर लागायचा: अण्णा, अक्का, थोरला मुलगा हर्षद आणि त्याची बायको केतकी. सावळ्या हातांवर रंग नीट दिसायचासुद्धा नाही, पण चाल ती चाल. जर्मन गिऱ्हाइकाला ही गोष्ट इतकी भावली की त्याने ती करारातच घातली.

धाकटा मुलगा पराग फोटोत नव्हता. त्याचं कारण पुढे येईल.

आता यंत्राबद्दल. त्याचं छापील नाव 'मूळमापक'. कारखान्यातली माणसं त्याला कुलकर्णी म्हणायची, कारण ते सगळ्यांची कुळं काढायचं. पूर्वी या कामाला खोलीभर यंत्र लागे. आता ते मिक्सरएवढ्या खोक्यात मावत होतं. कणभर पदार्थ जाळायचा, निघालेल्या वायूतून लेसरचा किरण सोडायचा, आणि अणूंची वजनं मोजायची. कार्बनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. शंभरात एखादा थोडा जड असतो. ऊस, ज्वारी, मका यांच्यात हे जड अणू किंचित जास्त असतात. पामतेल, भुईमूग, तांदूळ यांच्यात कमी. त्यामुळे उसाचा म्हणून विकलेला डीएचए खरं तर स्वस्त पामतेलाच्या ग्लिसरिनपासून केलेला असेल, तर कुलकर्णी दहा मिनिटांत सांगायचा. या एका गोष्टीवर त्या वर्षी देशातल्या अर्ध्या सेंद्रिय कंपन्यांनी पाट्या उतरवल्या होत्या.

उरला नत्र, म्हणजे नायट्रोजन. त्याचेही हलके-जड अणू असतात. युरियावर वाढलेल्या गव्हात नत्र हलका असतो, शेणखतावरच्या गव्हात जरा जड. ते गवत, धान्य जो खातो त्याच्या अंगात आणखी जड, आणि खाणाऱ्याला जो खातो त्याच्यात त्याहून जड. समुद्रात तर मासा माशाला खातो, त्याला तिसरा खातो. म्हणून समुद्रातल्या मोठ्या माशाचा आकडा सगळ्यांच्या वर. हिशेब सोपा: आकडा फार खाली आला तर युरिया, फार वर गेला तर जनावर.

डीएचएमध्ये नत्र मुळीच नसतो. पण गव्हाच्या प्रथिनात असतो, म्हणून नत्राचाही रकाना भरावा लागायचा.

तपासनीस करमरकर सेंद्रिय-शाकाहारीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून आले ते हे खोकं घेऊन. पन्नाशीचा, कमी बोलणारा, चहा नको म्हणून दोनदा घेणारा माणूस.

"बाटली मी तपासतो, पण बाटलीवर आता कुणी विश्वास ठेवत नाही," ते म्हणाले. "बाटलीत एक पाठवतात आणि दुकानात दुसरंच जातं. तुमच्या करारात 'आधी आमच्या हातावर' आहे ना? मग हातावरचं तपासायचं."

त्याची पद्धत अशी. क्रीम लावलेल्या हातावर चिकटपट्टी दाबायची आणि ओढून काढायची. तिच्यावर मेलेल्या कातडीचा थर येतो, त्यात क्रीमही असतं आणि माणूसही असतो. माणसाचा भाग वजा करायला त्याच माणसाच्या, क्रीम न लागलेल्या जागेची दुसरी पट्टी घ्यायची. तिला म्हणायचं कोरी पट्टी. वजाबाकी करून उरतं ते क्रीम.

"म्हणजे चार हातांच्या आठ पट्ट्या," करमरकर म्हणाले. "संध्याकाळ होईल. एक सवलत आहे. मठ, वसतिगृह अशा ठिकाणी सगळे एकच अन्न खातात, तिथे कोरी पट्टी एकाचीच चालते. एका चुलीचं घर म्हणून लिहून द्यावं लागेल."

केतकीने मनात वाचणारा वेळ मोजला आणि म्हणाली, "आमचं एकाच चुलीचं आहे की."

"एकाच चुलीचं?" अण्णांची छाती फुगली. "साहेब, पस्तीस वर्षांपूर्वी मी माळ घातली. तेव्हापासून या घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही. आणा, सही कुठं करायची?"

माळ त्यांनी एकट्याने घातली होती, पाळली मात्र सगळ्यांनी. अक्का कोल्हापूरकडच्या, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या. त्यांनी एका दिवसात सोडलं. केतकी राजापूरची. तिच्या माहेरी मासा नसेल त्या दिवशी घरात सुतक आहे का विचारायचे. लग्नाच्या बोलणीत तिने तेही सोडलं. पराग एकटाच बधला नाही. त्याने वेंगुर्ल्याच्या केळुसकरांची तन्वी केली, जिच्या बापाच्या दोन होड्या होत्या, आणि भर पंगतीत सांगितलं की मी खातो. त्यावर अण्णा म्हणाले, "मग तुझं ताट माझ्या उंबऱ्याच्या आत नको." पराग सांगलीला गेला. सहा वर्षं झाली. त्याच्याकडे जो जेवेल तो माझा नाही, असंही अण्णा तेव्हाच बोलून बसले होते, आणि बोललेलं परत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

केतकीने पट्ट्या काढल्या. तपासनिसाला हात कुणाचा ते कळू नये म्हणून क्रमांक तिनेच टाकले. कोरी पट्टी अण्णांच्या दंडाची.

जेवणाच्या टेबलावर कुलकर्णी घूं करत बसला. अण्णा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले, सामना बघायला बसावं तसे. हर्षद मोबाइल चाळत होता. अक्का पलीकडे मेथी निवडत होत्या.

कार्बन आला. चारही हातांवर ऊस, नि:संशय ऊस. अण्णांनी मांडीवर थाप मारली. मग नत्र आला. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यावर पडदा तांबडा झाला. चौथा ठीक.

करमरकरांनी तिसरी पट्टी पुन्हा घातली. पुन्हा तांबडा.

"तीन क्रमांकाच्या क्रीममध्ये प्राणिज काहीतरी आहे," ते म्हणाले. "बहुतेक माशाचं. जिलेटिन असेल, कोलॅजेन असेल."

"माझ्या क्रीममध्ये मासा?" अण्णा उभेच राहिले. "साहेब, जीभ सांभाळा!"

"मी म्हणत नाही, आकडा म्हणतोय. बाटली स्वच्छ आहे आणि हातावर मासा आहे. याचा अर्थ आमच्याकडे एकच धरतात, की बाटली बदलली." ते चष्मा पुसायला लागले. "दुसरा एक अर्थ निघू शकतो. कोरी पट्टी तुमची आहे. तिसरा हात ज्यांचा आहे, त्यांचं जेवण तुमच्यासारखं नसेल, तर तो मासा क्रीमचा नाही. त्यांचा आहे. त्यांची स्वतःची कोरी पट्टी घेतली तर आत्ता कळेल."

केतकीला हे त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच कळलं होतं. तिसरा हात अक्कांचा होता.

अक्का मेथी निवडतच होत्या. फक्त काड्या आणि पानं आता एकाच ढिगात पडत होती.

एकेका क्षणात माणूस किती हिशेब करतो! केतकीला आधी आठवला अक्कांचा गुडघा. गुडघ्यासाठी अक्का सांगलीला व्यायाम करून घ्यायला जायच्या, हर्षद गाडीने सोडायचा. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. रविवारी कुठला दवाखाना उघडा असतो, हे त्या घरात वर्षभर कुणी विचारलं नव्हतं. बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही. मिरजेतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हे व्यायामाचे वार नव्हेत, खायचे वार आहेत.

मग तिने दुसरी बाजू मांडली. गप्प राहिलं तर क्रीम बुडतं, ज्यात कसलाही दोष नाही. खरं सांगितलं तर अक्का बुडतात. एकाहत्तर वर्षांच्या बाईला नवरा काय करील? घराबाहेर नाही काढणार. पण सांगलीचा रस्ता बंद करील, आणि पराग तिला पुन्हा दिसायचा नाही. आणि आपण म्हटलं, हात माझा, तर? चार दिवस बोलणी. पण कारखाना आपल्याशिवाय चालत नाही, हे म्हाताऱ्याला माहीत आहे. हिस्सा तो देईलच. धंद्यात तो भावनेला भाव देत नाही.

हिशेब चोख होता. फक्त शेवटची रक्कम चुकली.

"हात माझा आहे," केतकी म्हणाली.

हर्षदने मोबाइलवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तुझा?" अण्णा म्हणाले.

"हो. बाहेर खाते मी कधीकधी. हॉटेलात."

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "अठरा वर्षं! शेवटी राजापूरचं पाणी राजापूरलाच जाणार. मला वाटलं होतं, एवढी एक तरी..." आणि करमरकरांकडे वळले. "घ्या हिची पट्टी. मिटवा."

केतकीच्या दंडावर अठरा वर्षांची भाजी-भाकरी होती. पण करमरकर खोकं आवरायला लागले होते.

"आज नाही. एका चुलीचं लिहून दिलंत, ते खोटं निघालं. आता सगळं पहिल्यापासून, प्रत्येकाची स्वतःची कोरी पट्टी. मी आषाढ संपल्यावर येतो. दोन महिन्यांत वरची कातडी सगळी नवी येते, त्यामुळे मागचं काही उरत नाही." त्यांनी केतकीकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. "तोवर जे खाल, तेच तेव्हा दिसेल."

अण्णांनी त्याच दिवशी फर्मान काढलं की केतकीचा पाय स्वयंपाकघरात नको. त्यामुळे स्वयंपाक अक्कांच्या गळ्यात आला. दुखऱ्या गुडघ्याने त्या ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि केतकी दाराच्या चौकटीबाहेर.

"कशाला बोललीस गं?" अक्का पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "मी सांगितलं होतं का तुला?"

"मग काय करायचं होतं?"

"मी खाल्लं ते मी निस्तरलं असतं."

"निस्तरलं असतंत म्हणजे काय केलं असतंत?"

अक्कांनी पोळी तव्यावर टाकली. "काही नाही. रडले असते. पहिल्यांदा नुसती बघायलाच गेले होते गं त्याला. तन्वीनं ताट वाढलं. म्हटलं, पोराच्या घरी उपाशी कसं उठायचं? सोलकढी घेतली. मग पुढच्या खेपेला रस्सा. बाईच्या हाताला अशी चव आहे..." त्या थांबल्या. "देवानं जीभ दिली ती काय नुसतं होय म्हणायला?"

"अक्का, आता ऐका. दोन महिने तुम्ही खायचं नाही. मी खायचं. तुमची कातडी कोरी झाली पाहिजे आणि माझी भरली पाहिजे. नाहीतर त्या दिवशी अण्णा समोर बसून दोघींचे आकडे बघतील."

अक्कांना हसू फुटलं, आणि ते आवरेना. पोळी करपली.

रात्री केतकीने हर्षदला सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आई परागकडे जेवते ते. मीच सोडतो की."

"आणि आज टेबलावर तू गप्प बसलास?"

"तू बोललीसच ना," हर्षद म्हणाला. "मग दोघांनी बोलून काय करायचं होतं?"

केतकीला त्याच्यावर रागवायचं होतं. पण रागवायला जेवढी ताकद लागते तेवढी दिवसअखेर उरलेली नव्हती.

बुधवारी ती अक्कांबरोबर सांगलीला गेली. परागचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यातच वास आला आणि केतकीचे पाय थबकले. अठरा वर्षं तो वास तिने नाक वळवून टाळला होता, आणि आता अंगातली एकूण एक नाडी त्याला ओळखत होती.

"वैनी, बांगडो खातंस मां? की सुरमई तळू?" तन्वीने विचारलं. तिला सगळं सांगून झालं होतं, आणि एवढा गमतीचा प्रसंग तिच्या घरात प्रथमच येत होता.

"आकडा कशाने जास्त चढतो?" परागने विचारलं.

"मोठ्या माशाने. जो दुसऱ्या माशांना खातो त्याने."

"मग सुरमईच. आई, तू?"

"मला भात आणि आमटी," अक्का म्हणाल्या.

केतकीने पहिला घास तोंडात घातला. तो गिळवेना. चव तीच होती, लहानपणची, पण घसा दुसऱ्याच कुणाचा झाला होता. ती मोरीकडे धावली. परत येऊन बसली, दुसरा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खात होती, औषध घ्यावं तशी.

समोर अक्का आमटी-भात कालवत होत्या, आणि त्यांची नजर केतकीच्या ताटातल्या तुकडीवर होती.

"काटा बघ," त्या म्हणाल्या. "घाई करू नको. आधी बाजूचं सोडव, मग मधलं. असं नाही गं, दे इकडं..." त्यांचा हात पुढे आला आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी तो परत घेऊन मांडीवर ठेवला.

पराग उठून गॅलरीत गेला.

महिनाभरात केतकीला मोरीकडे धावावं लागेना. पुढे बुधवारची ती वाट बघायला लागली, आणि तन्वीला 'तिखट जरा कमी होतं का?' असं विचारायला लागली. अक्का मात्र दर खेपेला थोडा कमी भात घेत होत्या. नंतर नंतर त्या म्हणायच्या की घरून जेवून आले. पराग ताट मांडायचा, अक्का पालथं घालायच्या. तीन-चार खेपा अशा झाल्यावर तोही मांडेनासा झाला. आई आणि मुलगा समोरासमोर बसायचे, आणि बोलायला दोघांना गुडघ्याखेरीज विषय सापडत नसे. मधे ताट असताना दोघं दोन-दोन तास बोलत असत, असं तन्वी सांगायची.

श्रावण लागला आणि करमरकर आले. तेच टेबल, तेच खोकं, तीच अण्णांची खुर्ची.

"या खेपेला नावं घालून," अण्णा म्हणाले. "कुणाचं काय ते मला दिसलं पाहिजे."

आठ पट्ट्या. अण्णा कोरे. हर्षद कोरा. अक्कांची पट्टी आत गेली तेव्हा केतकीने टेबलाची कड धरली. पडदा हिरवा झाला. अक्कांचा आकडा अण्णांच्या आकड्याला लागून बसला होता, जोड्याने पूजेला बसावं तसा. मग केतकी. पडदा तांबडा. मग वजाबाकी, आणि चारही हातांवरचं क्रीम ऊस आणि गहू, गहू आणि ऊस. मासा कुठेही नाही.

"क्रीम निर्दोष आहे," करमरकर म्हणाले. "प्रमाणपत्र देतो."

अण्णांनी हात जोडले. करमरकर खोकं उचलून निघाले, केतकी दारापर्यंत गेली. ते बूट घालता घालता म्हणाले, "मागचा तिसरा हात आणि तुमचा आजचा हात एकाच माणसाचे वाटत नाहीत. मागच्या खेपेला कातडी फार पातळ निघाली होती. म्हाताऱ्या माणसाची निघते तशी." ते उभे राहिले. "पण यंत्राला ते विचारलेलं नाही, ताई, आणि मीही विचारलेलं नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. जर्मनांनी आता अट घातली आहे, हेच चार हात दर तीन महिन्यांनी तपासायचे. आज जे आकडे लागले ते असेच राहायला हवेत. कुणाचा अचानक बदलला तर पुन्हा चौकशी."

केतकी दाराशी उभी राहिली. तिने दोन महिन्यांचा हिशेब केला होता. हा जन्माचा निघाला.

आत अण्णा वाट बघत होते. त्यांचा आवाज मऊ होता. "हिस्सा हर्षदच्या नावावर करतोय. राग मानू नको. शाकाहारी कंपनी, आणि भागीदाराच्या नावापुढे तांबडा आकडा. उद्या कुणी छापलं तर? काम तू करतेस तेच, तिथेच करायचं, सही माझीच राहील. तुझ्याशिवाय चालायचं नाही, मी जाणतो."

हे खरं होतं. तिच्याशिवाय चालायचं नाही, हे त्यांनीही हिशेबात धरलं होतं. फक्त त्याची किंमत द्यायची गरज आता उरली नव्हती. हर्षद म्हणाला, "नावाचं काय एवढं, घरातच आहे सगळं."

अक्का भाजी चिरत होत्या. केतकीला एक क्षण वाटलं की त्या आता विळीवरून उठतील. त्यांचा हात थांबलाही. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं, आणि पुन्हा भाजी चिरायला लागल्या. केतकीने त्यांना दोष दिला नाही. तोंड उघडलं असतं तर हिस्सा परत आला नसता, क्रीमवर मात्र नवी चौकशी बसली असती.

त्या शुक्रवारी हर्षदने गाडी काढली. अक्का तयार नव्हत्या.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "गुडघा बरा झालाय माझा."

"अक्का, नुसतं बसून या," केतकी म्हणाली. "त्याला बरं वाटेल."

"नुसतं बसायला? पोराच्या दारात पाहुण्यासारखं?" अक्कांनी मान हलवली. "त्याला पुन्हा पुन्हा ताट उचलून ठेवायला लावायचं? नको गं. तू जा. तुला जावंच लागेल."

केतकी गेली. तन्वीने सुरमई वाढली. परागने विचारलं, "आई?" केतकी म्हणाली, "गुडघा." त्याने मान डोलावली आणि पंख्याचा वेग वाढवला.

आता जमाखर्च. अण्णांना कंत्राट मिळालं, आणि त्यांच्या माळेला यंत्राची साक्ष मिळाली. हर्षदला हिस्सा मिळाला. त्यासाठी त्याला फक्त मान खाली घालावी लागली. केतकीचा हिस्सा गेला, खोली गेली, सही गेली, स्वयंपाकघर गेलं. तिच्या जमेला आठवड्यातून तीनदा मासा पडतो, आणि तो आता चवीने खाल्ला जातो. ही जमा कुठल्या रकान्यात लिहावी, ते तिला अजून ठरवता आलेलं नाही. पण तिने जे वाचवायला एवढं भरलं, ते वाचलं नाही. एका आईचं तिच्या मुलाकडचं जेवण होतं ते, आणि त्याची किंमत अक्का आणि पराग अजून भरत आहेत.